पाच वर्षांत न हललेली पुस्तकं: संग्रह वाईट की मोजणी?

प्रश्न थोडक्यात असा. तालुक्याच्या गावातलं अनुदानित महाविद्यालय, तिन्ही शाखा, विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, दाखल पुस्तकं ३२ हजार. वर्षभरापूर्वी रुजू झालेल्या ग्रंथपालांना प्राचार्यांनी सांगितलं, नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी आहे, आपल्या संग्रहाचा दर्जा आणि वापर यांवर अहवाल द्या. त्यांनी सॉफ्टवेअरमधून पाच वर्षांची देवघेव काढली आणि ते घाबरले. ६० टक्के पुस्तकं एकदाही काउंटरवरून बाहेर गेलेली नाहीत. त्यांचं विचारणं असं, ‘हा आकडा लिहू का? आणि आमचा संग्रह खरंच एवढा टाकाऊ आहे का?’

आकडा लिहा. पण फोड केल्याशिवाय लिहू नका. त्या एका आकड्यात निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी दाटीवाटीने बसल्या आहेत आणि त्यांतल्या सगळ्याच वाईट नाहीत. मी सव्वीस वर्षं महाविद्यालयात ग्रंथपाल होते, पहिली बारा कार्डांच्या कपाटावर आणि पुढची कॉम्प्युटरवर. या कामात माझीही दोनदा चांगलीच फजिती झालीय, ते पुढे येईलच.

आधी थोडा धीर. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठाने १९६९ साली घेतलेल्या पुस्तकांचा पुढे माग काढला, तेव्हा सुमारे ४० टक्के पुस्तकं पहिल्या सहा वर्षांत एकदाही कुणी घरी नेली नव्हती. १९७९ साली तो अहवाल बाहेर आल्यावर तिथे बरीच वादावादी झाली. हाताशी पैसा असलेल्या विद्यापीठाची ही गोष्ट. तेव्हा तुमच्या रॅकवर धूळ दिसते म्हणून लगेच मान खाली घालू नका.

प्राचार्य ‘दर्जा आणि वापर’ असं एका दमात म्हणाले असतील, पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सगळ्यात जास्त फिरतात ती गाइडं. म्हणून ती संग्रहातली उत्तम पुस्तकं होत नाहीत. शब्दकोश आयुष्यात एकदाही घरी जात नाही, म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. आणि या दोन प्रश्नांच्या आडून प्राचार्यांना खरं तिसरंच जाणून घ्यायचं असतं: पुढच्या मार्चच्या आत जे काही पैसे येतील ते कुठे घालायचे? अहवाल लिहिताना मी नेहमी हा तिसरा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवायचे. नुसता नॅकसाठी केलेला अहवाल फाइलला टॅग बांधला की संपतो.

आता तुमचे ६० टक्के, म्हणजे १९,२०० पुस्तकं. त्यांतून आधी संदर्भ विभागातली बाजूला काढा. ती घरी द्यायचीच नसतात, मग देवघेवीत दिसणार कशी? हसू नका. मी पहिल्यांदा अशी यादी काढली तेव्हा आमच्या जिल्ह्याचं गॅझेटिअर ‘शून्य वापर’ म्हणून त्यात आलं होतं आणि मी निर्लेखनाच्या, म्हणजे संग्रहातून कायमची काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत त्यापुढे टिकही केली होती. आमच्या परिचर मामांनी ते हातात घेऊन मला उघडून दाखवलं. गावांच्या आणि किल्ल्यांच्या पानांचे कोपरे हाताळून मऊ पडलेले, एका पानात बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं. दर दिवाळीआधी प्रकल्पवाली मुलं ते टेबलावर उघडून बसत. सॉफ्टवेअरला त्याचा पत्ताच नव्हता.

दुसरं, प्राध्यापकांच्या नावावरची पुस्तकं. जी २०१७ साली स्टाफरूममधल्या कपाटात गेली आणि अजून तिथेच आहेत, ती ‘गेल्या पाच वर्षांत दिली का’ या प्रश्नाला ‘नाही’ असंच उत्तर देणार, कारण ती त्याआधीच दिलेली आहेत. देवघेवीच्या अहवालासोबत ‘सध्या बाहेर असलेली’ यादी काढून दोन्ही पडताळा. आकडा किती खाली येईल हे तुमच्या स्टाफरूमवर अवलंबून. आमच्याकडे हा आकडा मी जाहीरपणे कधीच सांगितला नाही.

तिसरं, प्रती. एका पेपरच्या क्रमिक पुस्तकाच्या तीस प्रती घेतल्या, अभ्यासक्रम बदलला, तीसही झोपल्या. ही तीस वाईट पुस्तकं नव्हेत. एक शीर्षक आहे, ज्याचं काम संपलं. म्हणून मोजणी प्रतींवर आणि शीर्षकांवर अशी दोन्ही प्रकारे करा. वाणिज्य शाखेत या दोन आकड्यांत मोठी तफावत निघते. शिवाय गेल्या पाच वर्षांत आपल्याकडे काय काय घडलं तेही आठवा. २०२०-२१ जवळपास बंदच होतं, आणि २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. म्हणजे तुमची ‘पाच वर्षं’ ही नेहमीसारखी पाच वर्षं नाहीत. दहा वर्षांचा डेटा असेल तर तोही शेजारी ठेवा.

चौथं, डेटाच गळका असणं. जुन्या सॉफ्टवेअरमधून सोल किंवा कोहा या ग्रंथालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये येताना देवघेवीचा इतिहास बहुतेक वेळा मागेच राहतो. बारकोड न लावलेली पुस्तकं वहीत लिहून दिली जातात. बुक बँकेचे संच एका गठ्ठ्याने दिले तर त्यांची वेगळी नोंद होतेच असं नाही. सॉफ्टवेअर कधी बदललं, ते आधी विचारून घ्या.

आणि पाचवं, सगळ्यात महत्त्वाचं: पुस्तक मुलांना दिसतं का? तुमच्याकडे खुली मांडणी आहे की चिठ्ठी लिहून काउंटरवर मागायचं, हे प्रश्नात आलेलं नाही. बंद कपाटांच्या ग्रंथालयात मूल फक्त ज्याचं नाव माहीत आहे तेच मागतं, आणि नाव माहीत असतं ते सरांनी वर्गात सांगितलेल्या दोन पुस्तकांचं. ग्रंथालयशास्त्राचे जाणकार रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यांतल्या ‘प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक’ या सूत्रासाठी त्यांचा सगळ्यात जास्त भर खुल्या प्रवेशावर होता, तो याचसाठी. कुलूप लावून ठेवलेल्या पुस्तकाला ‘कुणी वाचत नाही’ म्हणणं अन्यायाचं आहे.

या पाच गोष्टी वजा करून जे उरेल ते खरं ‘न वापरलेलं’. तिथपासून पुढे खुर्चीवर बसून काम होत नाही, रॅकपाशी जावं लागतं. पण ३२ हजार पुस्तकं हातात घेऊन बघायची गरज नाही. दाखल रजिस्टर घ्या, १ ते ८०मधला एक आकडा चिठ्ठी टाकून काढा आणि तिथून प्रत्येक ऐंशीवं पुस्तक टिपा. ४०० पुस्तकं होतात. एवढ्या नमुन्यावरून येणारी टक्केवारी साधारण पाच टक्के इकडेतिकडे धरून भरवशाची असते. परिचर आणि तुम्ही, रोज दीड तास, दोन आठवडे.

पहिला प्रश्न: पुस्तक जागेवर आहे का? ही चाचणी फार थोडे जण करतात. तालिकेत आहे, सॉफ्टवेअर ‘उपलब्ध’ म्हणतं, आणि रॅकवर नाही. कुठे शेजारच्या वर्गांकात (विषयाच्या क्रमांकात) घुसलंय, कुठे बाइंडिंगच्या गठ्ठ्यात, कुठे खरंच हरवलंय. मुलाच्या दृष्टीने तिन्ही सारखीच.

सापडलं की उघडा. माझ्या डोळ्यांसमोर ६५७ वर्गांकाचं, हिशेबशास्त्राचं एक रॅक आहे. वरच्या खणातलं एक पुस्तक ओढलं तर त्याच्या डोक्यावर धुळीची पट्टी, कणा ताठ, पानं अजून एकमेकांना चिकटलेली. मागच्या चिठ्ठीवर एकच शिक्का, तोही खरेदीनंतर महिन्याभरातला. बहुधा ज्या सरांनी मागवलं त्यांचाच. त्याच्या शेजारचं कणा मोडलेलं, दोन फर्मे (शिवलेल्या पानांचे जुडगे) सुटलेले, चिठ्ठीवर चिठ्ठी डकवत तिसरी झालेली, आणि शेवटचा शिक्का सहा वर्षांपूर्वीचा. दोन्ही ‘पाच वर्षांत न हललेली’. पण पहिलं मुळात चुकीची खरेदी होतं आणि दुसरं मरेपर्यंत राबलेलं. पहिल्यावरून खरेदीची पद्धत सुधारायची, दुसऱ्याची नवी आवृत्ती मागवायची. एकाच आकड्याखाली लपलेले हे दोन उलटे निर्णय आहेत.

प्रत्येक पुस्तकाचं प्रकाशनवर्षही टिपा, खरेदीचं नव्हे. मार्चअखेरीस अनुदान संपवायचं म्हणून विक्रेत्याच्या गोदामातला जुना माल २०१९ साली दाखल झालेला असतो आणि आत छापलेलं असतं २००६. रजिस्टर पाहणाऱ्याला संग्रह ताजा वाटतो.

जुनं म्हणजे वाईट असंही नाही. विषय पाहावा लागतो. मराठी साहित्याच्या ८९१.४६ला वयाचा नियम लावलात तर अर्धा विभाग रिकामा होईल, आणि मराठीच्या सरांपुढे उभं राहायची सोय राहणार नाही. पण वाणिज्य आणि कायद्यात जुनं पुस्तक नुसतं जुनं नसतं, दिशाभूल करतं. १ जुलै २०१७ला जीएसटी आला, त्याआधीचं अप्रत्यक्ष करांचं पुस्तक विद्यार्थ्याला आज चुकीचं शिकवतं. कंपनी कायदा २०१३चा, ग्राहक संरक्षण कायदा २०१९चा, आणि १ जुलै २०२४पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता. भौतिकशास्त्रात किलोग्रॅमची व्याख्या २० मे २०१९ला बदलली. आमच्या रॅकवरची कितीतरी पुस्तकं त्यानंतरही पॅरिसजवळ ठेवलेल्या धातूच्या ठोकळ्याचीच गोष्ट सांगत होती. म्हणून वयाची मर्यादा सरसकट ठरवू नका. प्रत्येक विभागाला एकच विचारा: ‘तुमच्या विषयात कोणत्या वर्षाआधीचं पुस्तक मुलांच्या हाती पडलेलं तुम्हाला चालणार नाही?’ कुणी वर्ष सांगेल, कुणी ‘असं काही नसतं’ म्हणेल. दोन्ही उत्तरं खरी असतात.

आता विषयवार वापर. एक सोपी भागाकाराची पद्धत आहे. समजा तुमच्या ३२ हजारांत मराठी साहित्य ६,४०० आहे, म्हणजे २० टक्के, आणि वर्षाच्या देवघेवीत त्याचा वाटा १० टक्के. दहा भागिले वीस, अर्धा. रसायनशास्त्राची १,६०० म्हणजे ५ टक्के, आणि देवघेवीत वाटा १० टक्के. उत्तर दोन. नवखा माणूस म्हणेल, रसायनशास्त्राचा विभाग उत्तम चाललाय. मला त्या दोनची काळजी वाटते. पुस्तकं कमी आणि मागणारे फार. तिथे एकेक प्रत या हातातून त्या हातात जाते आहे, आणि पाळी न आलेली मुलं रिकाम्या हाताने परत जात आहेत. ही मुलं देवघेवीच्या कुठल्याच अहवालात दिसत नाहीत.

त्यांच्यासाठी एक वही लागते. संपूर्ण उत्तरातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. काउंटरवर दोनशे पानी वही ठेवा आणि जे पुस्तक देता आलं नाही ते मुलाच्याच शब्दांत लिहायला लावा: तारीख, वर्ग, काय मागितलं, का मिळालं नाही. आमच्या वहीत ‘कॉस्टिंगचं ते जाड पिवळं’, ‘बाईंनी सांगितलेलं नाटक, नाव विसरले’, ‘ऑरगॅनिक, पण मराठीतून’ असल्या नोंदी असायच्या. पहिले आठ दिवस परिचर कंटाळतात, गर्दीत कोण लिहीत बसणार म्हणतात. मी त्यांना म्हणाले, नुसती रेघ ओढली तरी चालेल, पण ‘नाही’ म्हटलं की रेघ. जून-जुलै आणि परीक्षेआधीचा महिना, एवढी दोन टोकं धरलीत तरी पुरे. त्या वहीने मला दाखवलं, की ‘नाही’ झालेल्यांपैकी बरीचशी पुस्तकं आमच्याकडे होती: बाहेर दिलेली, चुकीच्या जागी ठेवलेली, किंवा आली होती पण दोन महिने दाखल व्हायची राहिली होती. खरेदी न करताच सुटणारी ती तक्रार होती. आणि ‘मराठीतून’ हा शब्द विज्ञानाच्या मुलांच्या नोंदींत इतक्या वेळा आला, की पुढच्या खरेदीत मी त्यासाठी वेगळी रक्कमच बाजूला ठेवली.

ग्रंथालयातच बसून होणाऱ्या वापरासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. मुलांनी पुस्तकं परत रॅकवर ठेवू नयेत, टेबलावरच सोडावीत, अशी पाटी लावा. संध्याकाळी ती गोळा करताना मागच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने एक ठिपका द्या. वर्षाच्या शेवटी ठिपके मोजा. मुलं मदत म्हणून पुस्तक जागेवर ठेवतात, शिवाय चुकीच्या जागी, तेव्हा पाटी मोठी असू द्या.

दारावरच्या रजिस्टरमधल्या सह्यांना मात्र संग्रहाचा वापर समजू नका. नॅकला रोजची उपस्थिती हवी असते, ती द्या. पण आमच्या अभ्यासिकेत बसणारी निम्मी मुलं स्वतःची स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन येत; त्यांना आमच्याकडून खुर्ची, पंखा आणि शांतता हवी असायची. त्यातही काही चूक नाही, पण त्याला जागेचा वापर म्हणा. एन-लिस्टचंही, म्हणजे महाविद्यालयांसाठीच्या ऑनलाइन पुस्तकं-नियतकालिकांच्या सेवेचंही, तसंच. किती जणांची खाती उघडली हा आकडा छान दिसतो. गेल्या तीन महिन्यांत किती जणांनी लॉगिन करून काही उघडलं, तो पाहा. दोन्ही शेजारी शेजारी लिहिले की काय करायला हवं ते न सांगताच कळतं.

दर्जासाठी विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी दिलेल्या ग्रंथसूच्या वापरा. प्रत्येक विभागाचे चार-पाच पेपर घ्या आणि तीन पायऱ्यांनी तपासा: पुस्तक आपल्याकडे आहे का, असेल तर चालू आवृत्ती आहे का, आणि आज या क्षणी मुलाला मिळेल का. पहिल्या पायरीवर सगळी ग्रंथालयं बरी दिसतात, तिसरीवर खरी परीक्षा होते. एक मात्र लक्षात ठेवा. या सूच्याही बऱ्याचदा जुन्या अभ्यासक्रमातून उतरवलेल्या असतात. बाजारात मिळत नाही असं पुस्तक आपल्याकडे नाही म्हणून स्वतःला गुण कमी देऊ नका.

प्राध्यापकांना कागदावर यादी पाठवू नका, ती परत येत नाही. मी पाठवलेल्या पहिल्या यादीवर सहापैकी पाच विभागांनी लिहिलं होतं, ‘सर्व पुस्तके उपयुक्त आहेत.’ पुढच्या वर्षी मी त्यातली चाळीस पुस्तकं ट्रॉलीवर घालून मधल्या सुट्टीत थेट स्टाफरूममध्ये नेली. ‘सर, यातलं कोणतं मुलांना वाचायला सांगाल?’ एवढंच विचारलं. चहा संपेपर्यंत तीन ढीग झाले: ठेवायची, नवी आवृत्ती आणायची, आणि ‘हे अजून आहे आपल्याकडे?’ असं म्हणत बाजूला सरकवलेली.

त्या शेवटच्या ढिगाचं काय करायचं, हे तुमच्या संस्थेवर आणि पुस्तकं कोणत्या अनुदानातून घेतली त्यावर अवलंबून. ग्रंथालय समितीचा ठराव, महाविद्यालय विकास समितीची मान्यता, मग रजिस्टरमध्ये प्रत्येक दाखल क्रमांकापुढे लाल शाईत नोंद. हा क्रम सोडू नका. हरवलेल्यांबद्दल ऑडिटर बोलले, तर केंद्र सरकारच्या २०१७च्या सामान्य वित्तीय नियमांतला नियम २१५ दाखवा. दिलेल्या किंवा वाचायला काढलेल्या दर हजार पुस्तकांमागे वर्षाला पाच पुस्तकांची घट तो वाजवी मानतो, अट एवढीच की ती लबाडीने किंवा निष्काळजीपणाने झालेली नसावी. हा नियम केंद्राचा, तुम्हाला जसाच्या तसा लागू नाही, पण चर्चेला आधार होतो. आणि रद्दीत देण्याआधी प्रत्येक पुस्तकावर ‘रद्द’चा शिक्का मारा. माझी दुसरी फजिती इथलीच. एका वर्षी घाईत शिक्के राहिले आणि महिन्याभराने एका माजी विद्यार्थ्याने शहरातल्या फुटपाथवरून आमच्या महाविद्यालयाचा ठसा असलेलं पुस्तक विकत घेऊन थेट प्राचार्यांच्या टेबलावर आणून ठेवलं. ‘मॅडम, आपली पुस्तकं चोरीला जातायत’ हे मला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. ठराव फाइलला होता म्हणून निभावलं.

अहवालात पहिल्याच पानावर ६० टक्के लिहा आणि खाली त्याची फोड: एवढी संदर्भाची, एवढी स्टाफकडे, एवढ्या जादा प्रती, एवढी जागेवर नाहीत, एवढी खरोखर पडून. मग विषयवार तक्ता, मग वहीतल्या ‘नाही’ची विषयवार बेरीज, आणि शेवटी पुढच्या खरेदीची मागणी रुपयांत. पाच-सहा पानांपेक्षा मोठा करू नका, परिशिष्टं हवी तेवढी जोडा.

तुमच्याकडची मांडणी खुली आहे का, आणि सॉफ्टवेअर कोणत्या वर्षी बदललं, एवढं कळवा. कपाटांना कुलपं असतील तर किल्ल्या कुणाकडे असतात तेही लिहा. तसं असेल तर ४०० पुस्तकांचा नमुना काढण्याआधी एका विषयाची कपाटं सहा महिने उघडी ठेवून बघा, आणि मग त्याच विषयाची देवघेव पुन्हा काढा.